हंबीरचा उतार

विटा
११ फेब्रुवारी २०२४

हंबीर,

पत्राच्या माथ्यावर नमस्कार लिहावा, मग खुशाली, मग विषय, असं साताऱ्याच्या बोर्डिंगात गुरुजींनी आपल्या दोघांना एकाच बाकावर बसवून शिकवलं. मी आज नमस्कार गाळतो. खुशालीही गाळतो. विषय तेवढा लिहितो.

काल बनूचं वर्षश्राद्ध झालं. तुझ्या बहिणीचं, माझ्या बायकोचं. कावळा लगेच शिवला, भटजी म्हणाले आत्मा तृप्त आहे. असेल. ती भाकरीच्या पापुद्र्यावरसुद्धा तृप्त होणारी होती. मी तसा नाही.

जेवणाच्या पंगतीत तुझ्या गावाकडचा एक पाहुणा होता. बोलता बोलता म्हणाला, हंबीरराव अजून हळहळतात. म्हणतात, चांगला उतार पडला होता हो बनूला, अंग गार झालं होतं, निवांत झोपली होती. पण वेळ भरली की कुणाचं चालतंय? माझ्या हातातला घास हातातच राहिला. वर्ष झालं तरी तू तोच शब्द घेऊन हिंडतोस तर. उतार.

तुला काय आठवतं ते तुझ्यापाशी. माझ्याकडचं मी लिहून ठेवतो. मी तिथं नव्हतो, पण तुझ्या मांडवात जे होते त्यांनी एकेकानं सांगितलं, आणि उरलेलं बनूच्या पायानं सांगितलं.

शंभूराजचं लग्न. भाच्याच्या लग्नात आत्याचा मान, म्हणून ती आधीच येऊन राहिली. मांडवडहाळे आणायला बायकांबरोबर अनवाणी गेली आणि बाभळीचा काटा टाचेत शिरला. तो तिनं पिनेनं काढला. टाच सुजली तर कुणीतरी बिब्ब्याचा चटका दिला. मग हुडहुडी भरली. गोधड्या घातल्या तरी दातावर दात आपटत होते. मग धावत आल्यासारखा श्वास लागला. मग ती तुला ‘आबा’ म्हणू लागली. आबा, माझं दप्तर कुठं ठेवलंस, असं विचारू लागली. तुमचे आबा जाऊन किती वर्षं झाली? मांडवातल्या बायका हसल्या. म्हणाल्या, आत्याला हळद चढली.

मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की ती ओल्या हळदीची तिठ्यावरून आली होती. तू नारळ, लिंबू, दहीभात तिच्यावरून उतरवून तिठ्यावर ठेवायला लावलास. उतारा. आणि दिवस मावळायच्या सुमाराला तिचं अंग गार पडलं. कपाळाला चिकट घाम. बोलणं बंद. तू आलास, सुभेदारी थाटात हाताची मागची बाजू तिच्या कपाळाला लावलीस आणि हुकूम दिलास. “उतार पडला. झोपू द्या तिला.”

मग मला फोन. तुझे शब्द मला अजून तसेच ऐकू येतात. “नाथा, उतार पडलाय. अंग गार हाय तिचं. तू आता धावाधाव करू नगंस. उद्या वऱ्हाडासंगं निवांत ये.”

त्या संध्याकाळी मी पिठलं-भाकरी पोटभर खाल्ली. तुझ्या शब्दावर जेवलो मी.

दाराशी गाडी उभी होती. नवरदेवासाठी फुलं लावून झाली होती. म्हणून तू ती काढली नाहीस, असं मी म्हणत नाही. लोक म्हणतात.

सकाळी ती उठेना. मग निघाली तुझी गाडी, फुलांसकट, साताऱ्याला. मी पोचलो तेव्हा बोनेटवरचा झेंडू वाऱ्यानं अर्धा उडालेला होता. तिथला तरुण डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाला, आजोबा, ह्याला सेप्सिस म्हणतात. साध्या जखमेतून जंतू आत गेले. त्यांच्याशी लढता लढता शरीर आपल्याच अवयवांवर उलटलं. मी विचारलं, पण काल उतार पडला होता ना? अंग गार होतं. त्यानं हातातला कागद मिटला. मग म्हणाला, तेव्हाच आणायला हवं होतं. ते अंगानं हात टेकले होते.

बनूच्या दहाव्याला, घाटावर, सगळ्या भावकीसमोर तू म्हणालास, “उतार पडला व्हता. तिची येळच भरली.” मी तुला तिथंच म्हणालो, शब्द मागं घे. तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि लोकांकडे बघून म्हणालास, नाथाचं डोकं ठिकाणावर न्हाई, दुःखाचा माणूस हाय. तिथून आपलं बोलणं संपलं.

मला तुझ्याकडून दुसरं काही नको. तो शब्द परत घे. लोकांत टाकलास, लोकांतच उचल.

नाही उचललास तर ऐक. बोर्डिंगात तुला एकही कविता कधी धड पाठ झाली नाही. तू उभा राहायचास, दोन ओळी म्हणून खांबासारखा गप्प व्हायचास, आणि मी बाकावरून पुस्तकाआड तोंड लपवून पुढचा शब्द सोडायचो. तसल्या शब्दांवर तू पास झालास, पलटणीत गेलास, सुभेदार झालास. आता मी अशी व्यवस्था करणार आहे की एक कविता तुला मरेपर्यंत पाठ राहील.

कळावे. लोभाचं तुझं तू बघ.

नाथाजी


विटा
२ जुलै २०२४

हंबीर,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. पत्र मिळालं एवढं कळलं. पोस्टमननं तुझी सही दाखवली. सही अजून तशीच, ‘ह’चं पोट फुगलेलं.

कविता झाली.

फार जुनी सवय आहे ही मला. कोइमतूरला गलाईच्या दुकानात भट्टीपुढं बसलो की बाहेर सगळी तमिळ, आत मी आणि पेटता कोळसा. मुशीत सोनं वितळेपर्यंत दुसरं काम नसतं. तेव्हा मी बोर्डिंगातल्या कविता म्हणायचो. झाडाची, पाखरांची, झेंड्याची, आईची. सातवीच्या पुढे शिकलो नाही, पण त्या होत्या सोबतीला. लग्नानंतर बनू आली. तिला तर तिथं बोलायलाच कुणी नाही. ती आतून चुलीपाशी ऐकायची. एक दिवस मी मधेच थांबलो तर पुढची ओळ आतून आली. तेव्हापासून एक ओळ माझी, एक तिची. शेजारच्या तमिळ बाईला वाटायचं आमच्यात पूजा चालते. ते दुकान आता जयराज बघतो. त्याला त्यातली एकही येत नाही. फोनवर म्हणतो, बाबा, आता कशाला ते. पोरगं चांगलं आहे. असो.

भट्टीवर एक गोष्ट शिकलो ती तुला सांगतो. सोनं तेजाबात टाकलं की तांबं-चांदीचं हीण विरून जातं, सोनं तळाशी राहतं. मला वाटलं होतं वर्षभरात माझ्या रागाचंही तसंच होईल. बघतो तर सगळा रागच तळाशी बसलाय, शंभर नंबरी.

तर कविता. चाल आपल्या शाळेतलीच, टाळ्यांवर म्हणायची. आधी इथल्या डॉक्टरीणबाईंना नेऊन दाखवली. खोटं एक अक्षर नको होतं मला, तुझ्यासारखं नव्हे. त्यांनी दोन वेळा वाचली. म्हणाल्या, आजोबा, बरोबर आहे सगळं. ताप चढतोच असं नाही, म्हाताऱ्या माणसांत अंग उलट गार पडतं, आणि लोक तिथंच फसतात. जखमच हवी असं नाही, लघवीचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, बाळंतपण, कशातूनही होतं. लवकर आलं तर माणूस वाचतं, हे मुलांना जोरात म्हणायला लावा. मग चष्मा काढून विचारलं, पण हा हंबीर कोण? म्हटलं, कुणी नाही, यमकासाठी घातलाय. त्या हसल्या. हंबीर ओळीच्या आरंभाला आहे, यमक शेवटी असतं, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं.

ही घे:

हंबीर म्हणे, “उतार पडला, अंग जाहले गार!”
अरे हंबिरा, गार अंग हा नसतो कधी उतार.

श्वास धावतो, हुडहुड भरते, बोलाला ना ताळ,
लघवी अडते, निळसर कांती, दारी आला काळ.

तिठ्यावरी तू नारळ ठेवुन वाट नको रे पाहू,
‘सेप्सिस का हा?’ पूस डॉक्टरा, गप्प नको रे राहू.

इथल्या शाळेचे हेडमास्तर भाऊसो माझ्या ओळखीचे. त्यांनी विचारलं, नाना, अभ्यासक्रमात नाही, कुठं बसवू? म्हटलं, परिपाठात बसवा. प्रार्थना झाली, सुविचार झाला, की हंबीर. काल पहिल्यांदा पोरांनी म्हटली. मी मागं शिपायाच्या स्टुलावर बसलो होतो. ‘अरे हंबिरा’ आलं की पोरं बोट रोखतात आणि अख्खं पटांगण ओरडतं. ते बोट मी शिकवलेलं आहे.

उतारा म्हटलं की गुरुजी सांगायचे, खालील उतारा वाचा आणि प्रश्नांची उत्तरे द्या. पुढं कळलं सातबाऱ्याचाही उतारा असतो, विषावरही असतो. तू तिठ्यावर ठेवलास तोही. एवढे उतारे असून बनूच्या कामाला एकही आला नाही. मुलांच्या आवाजात तुझं नाव ऐकताना मात्र माझ्या छातीतली आग जरा उतरली. ह्याला उतार म्हणतात, हंबीर.

नाथाजी


विटा
३० ऑगस्ट २०२४

हंबीर,

एक विचित्र गोष्ट झाली. लिहायची नव्हती, पण सांगू कुणाला? अशा गोष्टी सांगायला घरात एक माणूस होतं.

आमच्या पूर्वेच्या माळावर मेंढरं घेऊन असतो तो धुळा काल घरी आला. काठी दाराबाहेर ठेवली, पायरीवर बसला, खोबऱ्याची वाटी पुढं केली. त्याची पोरगी शाळेत आहे, माळावर दिवसभर कविता म्हणत फिरते, त्यालाही पाठ झालीय. त्याची बायको हरणाबाई लघवीला जळजळ होतीय म्हणून आठवडाभर अंगावर काढत होती. मग दहा दिवसांमागं तिला थंडी वाजली आणि ती मेंढरांना माणसांच्या नावानं हाका मारायला लागली. सासू म्हणाली, बाहेरचं हाय, उतरून टाका. धुळा म्हणाला, आय, हे हंबीरवानी झालं. उचलून पिकअपमध्ये घातली आणि विट्याला आणली. डॉक्टरीणबाईंना दारातूनच विचारलं, सेप्सिस हाय का हे?

होतं. बरी आहे आता. पेज पितेय.

जाताना हात जोडून म्हणाला, “नाना, तुमचा हंबीर लय कामाचा निघाला बगा. त्यो येडा व्हता म्हणून माझी हरणी वाचली. कुठं भेटला तर त्याला माझा रामराम सांगा.”

मी हो म्हणालो. सांगितला.

मला काय वाटलं ते ऐक. मी काठी उगारली तुझ्या डोक्यावर आणि ती माळावर जाऊन कुणाच्या तरी घराचा टेकू झाली. मी कविता केली ती परोपकारासाठी नव्हती. आणि हे लोक तुला दुवा देतायत. पोरांना तर तू आवडायलाच लागलास. परवा एका पोरानं वहीत तुझं चित्र काढलं होतं, मोठ्या मिशा, डोक्यावर नारळ. मी त्याला विचारलं, हा चांगला की वाईट? तो म्हणाला, वाईट नाही हो, त्याला कविता येत नव्हती.

वही मी मिटून त्याला परत दिली. घरी येऊन बनूच्या फोटोखाली बसलो.

नाथाजी


विटा
३० सप्टेंबर २०२४

हंबीर,

आता तुझ्या दारात आलो.

भाऊसोंच्या शाळेतल्या एका बाईंची बदली शिरवळला झाली. जाताना त्यांनी कविता नेली. सप्टेंबरात सेप्सिसचा म्हणून एक दिवस असतो, जगभर पाळतात म्हणे. त्या दिवशी शिरवळच्या पोरांनी म्हटली, कुणीतरी मोबाईलवर घेतली, आणि ती खंडाळा तालुक्यात शाळाशाळांतून फिरतेय. तुझ्या गावच्या शाळेतही पोचली. मला हे परवा क्रांतीनं सांगितलं.

सूनबाई चांगली आहे तुझी. तिच्या लग्नाच्या मांडवात माझं घर मोडलं ह्यात तिची काय चूक? फोनवर आधी माझ्या तब्येतीचं विचारलं. तिला दिवस गेलेत, आई नाही म्हणून बाळंतपण सासरीच करणार, हे सांगितलं. मग चाचरत मुद्द्यावर आली. मामा, म्हणाली, अण्णांना बाहेर पडणं अवघड झालंय. स्टँडवर पोरं विचारतात, हंबीर, उतार पडला का? दुसऱ्या कुणाचं नाव घाला ना. किती नावं आहेत.

मी म्हणालो, पोरी, किती नावं आहेत, पण उतार पडला असं म्हणणारं एकच होतं. त्यांना म्हणावं, घाटावर टाकलेला शब्द लोकांसमोर परत घ्या, मी त्याच दिवशी नाव काढतो. तिनं फोन हातानं झाकला. मला मागून तुझा आवाज ऐकू आला. दीड वर्षानं ऐकला. “सांग त्याला, उतारच पडला व्हता. मी माझ्या हातानं बगितलंय.”

बघ, हात अजून तोच.

मग ती पुन्हा बोलली. मामा, ते रात्रंदिवस अंगणात बसून असतात. म्हटलं, बसू दे. अंगणातून शाळा ऐकू येत असेल तर फारच उत्तम.

तू म्हणशील, नाथा असा नव्हता. नव्हतोच. बोर्डिंगात तुला ताप आला तेव्हा माझ्या वाट्याची भाजी तुला दिली होती. तुझ्या बहिणीला बघायला आलो तेव्हा पोहे तू आणलेस, आणि मी तिच्याऐवजी तुझ्याकडंच बघून हसत होतो. ते सगळं माझ्या आठवणीत आहे. कवितांसारखंच, जसंच्या तसं. म्हणून तर दुखतं. अनोळखी माणसाच्या हातानं ती गेली असती तर मी त्याला कधीच विसरलो असतो.

नाव राहील.

नाथाजी


विटा
२७ जानेवारी २०२५

हंबीर,

काल दुपारी तुझा फोन आला. तू काय बोललास ते तुला ठाऊक आहे, माझ्या बाजूला काय झालं ते ठाऊक नाही. म्हणून लिहितो.

नंबर दिसला तेव्हा मी अंगणात तूर झोडत होतो. उचलणार नव्हतो. वाजून बंद झाला, पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा उचलला तो रागानंच. तू म्हणालास, नाथा, साताऱ्यातनं बोलतोय, त्याच दवाखान्यातनं. माझ्या हातातली काठी खाली पडली. मला आधी वाटलं तूच आडवा झालास. आणि खरं लिहितो, मला बरं वाटलं.

मग तू क्रांतीचं नाव घेतलंस.

तू भडाभडा सांगत होतास. बाळंतीण होऊन घरी आलेली. पोटात दुखतं म्हणत होती, अंगाला वास येत होता, बायका म्हणाल्या बाळंतिणीला असतंच. मग फणफणली. हुडहुडी. मग परवा सकाळी न्हाणीपाशी बसली ती उठेना आणि बाळाला म्हणाली, हे कुणाचं आहे? आणि मग अंग गार. शंभूराज बाहेर आला, कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, “अण्णा, उतार पडला.”

इथं तू थांबलास. तुझ्या मागं कुणाची तरी ट्रॉली जात होती, चाकांचा आवाज मला इथं ऐकू आला.

तू सांगितलंस की तू पोराच्या कानफटात दिलीस. बाप झालेल्या पोराच्या. आणि गाडी काढलीस. बायका तिठ्यावर नारळ ठेवायला निघाल्या होत्या, त्यांच्या हातातलं सूप तू लाथेनं उडवलंस. सगळा हायवे तू क्रांतीशी बोलत आलास आणि ती तुला भलत्याच नावानं हाक मारत होती. दवाखान्याच्या दारात पोचलास, आणि डॉक्टर समोर आला तर तुला तो प्रश्न आठवेना. मग, तू म्हणालास, मी पहिल्यापासून म्हणायला लागलो. स्ट्रेचरशेजारी उभा राहून. हंबीर म्हणे, उतार पडला. डॉक्टरला वाटलं म्हातारा खुळा आहे. पार शेवटच्या ओळीपर्यंत गेलो तेव्हा सापडला प्रश्न. सेप्सिस का हा?

होता. सलाईन, औषधं, सगळं ताबडतोब सुरू झालं. काल सकाळी तिनं बाळाला ओळखलं, असं तू सांगितलंस. ते ऐकून मी तुरीच्या ढिगावर बसलो. ती वाचली ह्याचा मला आनंद झाला. देवाशपथ झाला. पण त्याच्या मागोमाग जे आलं तेही लिहितो. माझी बनू नेलीस तू, आणि तिच्या राखेतून मी केलेली कविता वाचवायला गेली तुझ्याच सुनेला. माझा सूडसुद्धा तुझ्याच घरी राबला, हंबीर. धुळा येऊन गेला तेव्हा मी मनातल्या मनात हसलो तरी होतो. काल मला हसूही येईना.

मी विचारलं, पाठ कधी केलीस?

तू म्हणालास, “केली न्हाई रं. झाली. शाळा समोरच हाय.”

मी म्हणालो, म्हण.

तू म्हणालास, आत्ता? हितं? लोक आहेत व्हरांड्यात.

मी म्हणालो, लोक आहेत म्हणूनच म्हण.

तू सुरू केलंस. तोच आवाज, तिसऱ्या बाकावरून उठल्यावर यायचा तो, घसा साफ करून, हात बाजूला ताठ ठेवलेला मला दिसत होता. हंबीर म्हणे, उतार पडला, अंग जाहले गार. पुढं, अरे हंबिरा. तिथं तुझा सूर जरा हलला. गार अंग हा.

आणि तू अडलास.

हे तुला माहीत नाही, म्हणून सांगतो. माझे ओठ आपोआप हलले. पन्नास-साठ वर्षांची खोड आहे. तू अडलास की माझ्या जिभेवर पुढचा शब्द येतो. फोन कानाला, समोर तुरीची टरफलं वाऱ्यावर उडतायत, आणि ‘नसतो’ माझ्या दातांपर्यंत आला. मी दात मिटले. तू थांबून राहिलास. तुला ठाऊक होतं मी शब्द सोडीन. कधी सोडला नाही असं झालंच नव्हतं. मी तोंडावर हात दाबून धरला.

कुणीतरी तुला विचारलं, आजोबा, बरं वाटत नाही का?

मग तुझा श्वास ऐकू आला. मग तू एकेक शब्द, भिंतीतला खिळा काढावा तसा काढलास. “नसतो. कधी. उतार.”

आणि फोन तसाच धरून तू रडलास. मी फोन ठेवला नाही. रडलोही नाही. ऐकत राहिलो. त्या रडण्यासाठी मी दोन वर्षं थांबलो होतो, मधेच कशाला ठेवू?

आता विषय.

तू काल नाव काढायला सांगितलं नाहीस, हे माझ्या ध्यानात आलं. सांगितलं असतंस तरी काढलं नसतं. मी क्रांतीला दिलेला शब्द मोडतोय म्हण हवं तर. धुळा विचारतो, पोरं विचारतात, चित्रं काढतात. त्या नावानं आता माणसं गाडी काढतात. त्या नावावर आता माझीही सत्ता राहिली नाही आणि तुझीही नाही.

पण व्हरांड्यात म्हटलेलं मी धरत नाही. ते लोक परके होते. तू शब्द टाकलास तो भावकीत.

बनूचं श्राद्ध येतंय. भावकी सगळी जमेल. त्या सकाळी भाऊसोंच्या शाळेचा परिपाठ आपल्या अंगणात होणार आहे, पोरं ओळीनं बसतील, धुळा आणि हरणाबाई येणार आहेत, डॉक्टरीणबाईंनी कबूल केलंय. मुलांना त्या आणखी चार गोष्टी समजावून सांगतील. त्यानंतर तू उभा राहायचंस. तीनही कडवी. सुरुवातीला तुझं संपूर्ण नाव, गाव आणि बनूचा कोण, हे सांगायचं. ‘अरे हंबिरा’ आलं की पोरं बोट रोखतील. रोखू देत. मान खाली घालायची नाही.

जेवायला थांब असं मी म्हणत नाही. बनूच्या पानाशेजारी दुसरं पान वाढलेलं असेल. ते कुणाचं हे मी ठरवलेलं नाही, आणि ठरवलं तरी पत्रात लिहिणार नाही.

घोकून ये. मी बोर्डिंगातल्यासारखा तुझ्या शेजारीच बसलेला असेन. अडलास, तरी शब्द सोडणार नाही.

नाथाजी